नकलेच्या घरात एक अस्सल वस्तू

मॅन्युअल हा साहित्यप्रकार म्हणून कुणी वाचत नाही. पाककृतींच्या पुस्तकांवर आपल्याकडे लिहिलं गेलंय, जाहिरातींवर लिहिलं गेलंय, पण सॉफ्टवेअरच्या डॉक्युमेंटेशनकडे भाषा म्हणून बघायची पद्धत नाही. माझ्यासारख्यांचं मुख्य वाचन मात्र तेच असतं. इंजिनिअरिंग करून नोकरीला लागल्यापासून मी कादंबऱ्यांची जेवढी पानं वाचली, त्याच्या कितीतरी पट पानं क्लाउड कंपन्यांच्या मॅन्युअलांची वाचली आहेत. इतकं वाचलं की लेखकाचं नाव नसलेल्या गद्याचाही आवाज ओळखू यायला लागतो. आणि तो आवाज कुठे बदलतो तेही.

तो बदलतो ग्राफिक्स कार्डाच्या पानावर.

एरवी या गद्याचा सूर एखाद्या सधन यजमानाचा असतो. मशीन हवंय? घ्या. दहा हवीत? दहा घ्या. रात्री नकोत? परत करा, सेकंदाच्या हिशेबानं पैसे लावू. ॲमेझॉननं २००६ साली मशीनं भाड्यानं द्यायला सुरुवात केली तेव्हा सेवेच्या नावातच 'इलॅस्टिक' हा शब्द घातला आणि मागून आलेल्या सगळ्यांनी हाच लवचीकपणाचा सूर उचलला. या पानांत मशीनला वजन नसतं, पत्ता नसतो, वय नसतं. त्याच कंपन्यांच्या ग्राफिक्स कार्डाच्या पानावर गेलं की नन्नाचा पाढा सुरू होतो. हे कार्ड याच जातीच्या मशीनला जोडता येईल, त्या जातीच्या नाही. या झोनमध्ये मिळेल, शेजारच्या नाही. एक, दोन किंवा चार घ्या, तीन मिळणार नाहीत. फुकट चाचणीच्या खात्याला कार्ड नाही. देखभालीच्या वेळी मशीन बंद पडेल, तुमची तयारी तुम्ही ठेवा. गूगलच्या मॅन्युअलात ही बंधनांची यादी आहे, आणि माझ्या मते त्या अख्ख्या मॅन्युअलातलं सर्वांत चांगलं गद्य तेच आहे. तिथे कुणी काही विकत नाही. एक वस्तू आहे, ती कशी वागते, आणि तिच्यापुढे आमचं काय चालत नाही, एवढंच सांगितलेलं आहे.

हे असं का होतं, हे समजायला व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय ते थोडं बघावं लागेल. एका मोठ्या खऱ्या मशीनवर हायपरव्हायझर नावाचा प्रोग्राम बसतो आणि तो त्या मशीनच्या अनेक नकला उभ्या करतो. प्रत्येक नकलेची समजूत अशी की आपल्याला स्वतःचा प्रोसेसर आहे, स्वतःची मेमरी आहे, डिस्क आहे, नेटवर्क कार्ड आहे. कल्पना जुनी आहे, आयबीएमनं १९७२ साली ती बाजारातही आणली होती. १९७४ साली जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग या दोघांनी एका निबंधात तिच्या अटी घालून दिल्या. आत चालणाऱ्या प्रोग्रामला अस्सल आणि नक्कल यांत फरक कळू नये. नक्कल फार संथ नसावी. आणि सगळ्या साधनांवरचा ताबा नक्कल उभी करणाऱ्याकडेच राहावा. पन्नास वर्षं होऊन गेली, तरी हा धंदा याच तीन अटींवर चालतो.

मी मनातल्या मनात याला बहुरूप्याचा धंदा म्हणते. पोलिसाचा पोशाख, पट्टा, शिट्टी, चौकशीचा दरडावलेला आवाज, सगळं जिथल्या तिथे. व्हर्च्युअल मशीनच्या आत दिसणारी डिस्क ही सहसा डिस्क नसतेच, नेटवर्कपलीकडे कुठेकुठे पसरलेल्या साठवणीला दिलेलं ते डिस्कचं सोंग असतं. नेटवर्क कार्डही तसंच. सोंग चांगलं वठतं, म्हणून आपण रोज निर्धास्तपणे त्यावर कामं करतो.

ग्राफिक्स कार्डाचं सोंग मात्र वठवता येत नाही. एक तर त्याच्या आतला कारभार कंपनीनं झाकून ठेवलेला आहे, बाहेरच्या कुणाला त्याची हुबेहूब नक्कल लिहिता येणं कठीण. आणि लिहिली तरी उपयोग काय? हजारो छोटे गणिती एकक एकाच वेळी एकच काम करतात, त्या वेगासाठी तर कार्ड हवं असतं. वेगाची नक्कल संथपणे करून चालत नाही. म्हणून क्लाउड कंपन्यांनी सरळ मार्ग धरला, त्याला पासथ्रू म्हणतात. खऱ्या मशीनच्या पोटात खोचलेलं खरं कार्ड हायपरव्हायझर आपल्या हातातून सोडतो आणि आतल्या नकलेच्या हातात देतो. आयओएमएमयू नावाची एक सर्किटची व्यवस्था मध्ये पहारा देते, म्हणजे कार्डानं दुसऱ्या भाडेकरूच्या मेमरीत हात घालू नये. बाकी सगळा व्यवहार थेट. पोलिसाच्या वेषातल्या बहुरूप्याच्या कमरेला खरं पिस्तूल लावल्यासारखं हे आहे.

हे डोळ्यांनी बघता येतं. भाड्याच्या मशीनमध्ये शिरून जोडलेल्या उपकरणांची यादी मागितली की एकामागून एक सोंगं दिसतात आणि मध्येच एक ओळ येते: एनव्हीडिया, टेस्ला टी-फोर. तिच्या आधी शब्द असतो 'थ्री-डी कंट्रोलर'. घरच्या कार्डापुढे 'व्हीजीए' असं लिहिलेलं असतं, कारण त्याला स्क्रीनची वायर लागते. टी-फोरला स्क्रीन जोडायला भोकच नाही. ज्याच्या नावात चित्र आहे त्या कार्डातून एकही चित्र बाहेर येऊ शकत नाही. 'जीपीयू' हे नाव एनव्हीडियानं १९९९ साली जिफोर्स २५६ हे कार्ड विकताना रूढ केलं, ते गेमसाठी. २००७ साली कूडा आलं आणि त्याच कार्डांवर चित्रांऐवजी कुठलंही गणित करता यायला लागलं. २०१० च्या नोव्हेंबरात ॲमेझॉननं ग्राफिक्स कार्ड असलेलं पहिलं भाड्याचं मशीन काढलं, त्यात टेस्ला एम-२०५० जातीची दोन कार्डं होती आणि भाडं ताशी २.१० डॉलर. चित्र तेव्हाच मागे पडलं होतं. नाव राहिलं.

मग आपण कार्डाची हालहवाल विचारणारी आज्ञा देतो. एनव्हीडिया-एसएमआय. काळ्या पडद्यावर तुटक रेघांचा एक चौकोन उमटतो. त्यात कार्डाचं नाव, वापरलेली मेमरी, आणि दोन आकडे: अंश सेल्सिअस आणि वॉट. काही काम नसताना तीस-चाळीस अंश आणि नऊ-दहा वॉट. काम सुरू केलं की वॉटचा आकडा चढत ७० ला टेकतो, कारण टी-फोरची मर्यादाच ७० वॉट आहे. पंख्याच्या रकान्यात मात्र 'लागू नाही' या अर्थाची दोन अक्षरं असतात. या कार्डाला स्वतःचा पंखाच नाही, ज्या पेटीत ते बसवलंय तिचे पंखे त्याला वारा घालतात, आणि ते पंखे आपल्याला दिसत नाहीत.

मला या चौकोनाचं फार अप्रूप आहे. व्हर्च्युअल मशीनच्या आतून प्रोसेसरचं तापमान सहसा दिसत नाही, नकलेला ताप कुठून येणार. कार्डाचं दिसतं, कारण कार्ड खरं आहे. मी पुण्यात टेबलाशी बसलेय, मशीन मुंबई परिसरातल्या कुठल्याशा इमारतीत आहे, ती इमारत मी कधी बघणार नाही, आणि तरीही तिथल्या एका धातूच्या तुकड्याचा ताप मला या क्षणी अंशाअंशात वाचता येतो. प्रत्येक कार्डाला एक लांबलचक ओळखक्रमांकही असतो. तो लिहून ठेवला तर दुसऱ्या दिवशी मशीन चालू केल्यावर कालचंच कार्ड मिळालं की वेगळं, तेही कळतं. बहुतेक वेळा वेगळं असतं.

यातून आणखी एक गोष्ट घडते, आणि या विषयावरच्या लिखाणात तिच्यावर फारसं कुणी थांबत नाही. साधं व्हर्च्युअल मशीन चालू असताना त्याला एका खऱ्या मशीनवरून दुसऱ्या खऱ्या मशीनवर उचलून नेता येतं. गूगल देखभालीच्या वेळी हे एरवी आपणहून करतं आणि आतल्या माणसाला पत्ता लागत नाही. पद्धत अशी की चालू मशीनची मेमरी पलीकडे उतरवत राहायचं, मधल्या वेळात जी पानं बदलली ती पुन्हा उतरवायची, आणि शेवटच्या क्षणी पटकन इकडून तिकडे व्हायचं. त्यासाठी कुठलं पान बदललं यावर हायपरव्हायझरची नजर हवी. कार्ड मेमरीत परस्पर लिहितं, त्याला न विचारता. शिवाय कार्डाच्या पोटात स्वतःची १६ जीबी मेमरी आणि अर्धवट झालेलं गणित असतं, ते हायपरव्हायझरला वाचताच येत नाही. म्हणून कार्ड असलेलं मशीन उचलता येत नाही. देखभाल आली की ते बंद करायचं. गूगल एक तास आधी सूचना देतं.

आणि कार्ड परस्पर लिहिणार म्हटल्यावर मशीनची मेमरीही जागच्या जागी खिळवून ठेवावी लागते. एरवी हायपरव्हायझर मेमरीतही हातचलाखी करू शकतो, आहे त्यापेक्षा जास्त कबूल करून ज्याला लागेल त्याला तेवढी पुरवतो. कार्ड आलं की ते बंद, कबूल केलेला प्रत्येक बाइट खरोखर बाजूला काढून ठेवावा लागतो. एका अस्सल वस्तूमुळे शेजारच्या वस्तूंनाही अस्सल व्हावं लागतं. पोपेक-गोल्डबर्गच्या तिसऱ्या अटीला इथे तडा जातो आणि मॅन्युअलचा आवाज बदलतो तो त्या तड्यापाशीच.

मराठीत आपण व्हर्च्युअलला 'आभासी' म्हणतो. शब्द रुळलाय, त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही, पण त्यानं एक नुकसान केलंय ते नोंदवायला हवं. आभास म्हणजे जे नाही ते दिसणं. मृगजळ. इंग्रजी शब्दाचा रोख वेगळा आहे: नावानं नसेल, पण कामाला तेच आहे. 'आभासी मशीन', 'आभासी चलन', 'आभासी वर्ग' असं म्हणत म्हणत आपण या सगळ्याला एक धूसर, थोडं फसवं, हाताला न लागणारं जग ठरवून टाकलं. त्यात 'क्लाउड'ची भर पडली. केंद्र सरकारनं आपल्या क्लाउड योजनेचं नावच 'मेघराज' ठेवलं. ढग म्हटलं की आपल्याला कालिदास आठवतो, वीजबिल आठवत नाही. हे लिहिताना मुंबईकर वाचक हसतील, कारण त्यांच्या शेजारीच ऐरोली, महापे, पनवेल इथे हे ढग काँक्रीटमध्ये उभे आहेत, आणि बाहेर डिझेल जनरेटरची रांग असते. मराठी लेखांत 'आभासी'चं तत्त्वज्ञान पुष्कळ सापडतं. त्या इमारतींतल्या वस्तूंचं वर्णन मला अजून फारसं सापडलेलं नाही.

कार्डाबद्दल लिहिलेला सर्वांत धूर्त मजकूर मात्र क्लाउड कंपन्यांचा नाही, एनव्हीडियाच्या परवान्याचा आहे. गेम खेळायला मिळणारं जिफोर्स कार्ड आणि डेटा सेंटरसाठी विकलं जाणारं टेस्ला कार्ड यांच्या किमतींत मोठी दरी, पण पुष्कळ कामांसाठी दोन्ही चालतात. मग लोक स्वस्त कार्ड डेटा सेंटरमध्ये लावणार नाहीत का? २०१७ च्या अखेरीस हे एका कलमानं अडवलं गेलं: जिफोर्सचं सॉफ्टवेअर डेटा सेंटरमध्ये वापरायची परवानगी नाही, अपवाद फक्त ब्लॉकचेनच्या कामाचा. कार्ड तुम्ही विकत घेतलेलं, तुमच्या मालकीचं. ते कुठल्या खोलीत ठेवायचं हे ठरवणार ड्रायव्हरचा परवाना. एक वाक्य म्हणून बघितलं तर ते विलक्षण आहे. शास्त्रज्ञाला मनाई आणि नाणी खणणाऱ्याला मुभा, हे इतक्या निर्विकार स्वरात सांगणारं दुसरं गद्य मी वाचलेलं नाही.

याच्याही आधीपासून हौशी मंडळींची एक वेगळी झटापट चालू होती. घरच्याच मशीनवर व्हर्च्युअल मशीन करून त्याला जिफोर्स कार्ड जोडलं की विंडोजमध्ये 'कोड ४३' ही त्रुटी यायची. ड्रायव्हर चालू होताना आजूबाजूला हायपरव्हायझरचा वास लागतो का ते बघायचा, लागला की काम थांबवायचा. त्यावर उपाय म्हणून लोक हायपरव्हायझरची खूण लपवायचे, म्हणजे नकलेला शिकवायचं की कुणी विचारलं तर सांग, मी अस्सलच आहे. २०२१ साली एनव्हीडियानं हे बंधन उठवलं आणि जिफोर्सलाही पासथ्रूची मुभा दिली. त्या काळातल्या त्या लपवाछपवीच्या सूचना अजून इंटरनेटवर पडून आहेत. त्या वाचताना हेरकथेची मजा येते.

इथे कुणी हरकत घेईल की कार्डाची वाटणी आता होतेच की. होते. वेळेचे तुकडे पाडून एकच कार्ड अनेक नकलांना आळीपाळीनं देण्याची सोय एनव्हीडियानं बरीच वर्षं दिलेली आहे, तिचा परवाना वेगळा आणि त्याचे पैसे वेगळे. २०२० साली आलेलं ए-हंड्रेड तर आतूनच सात भागांत कापता येतं, प्रत्येक भागाची मेमरी वेगळी, मेमरीकडे जाणारी वाटही वेगळी. हे तंत्र खरोखर देखणं आहे. पण ही वाटणी कार्ड बनवणाऱ्यानं सिलिकॉनमध्ये आखून दिलेल्या रेषांवरच होते. चाळीतल्या सामायिक नळावर जशी रांग, भांडण आणि तडजोड यांतून वाटणी होते तशी ती नाही. इथे बिल्डरनं भिंती घालून दिल्यात, सातपेक्षा आठवी खोली पडत नाही. हायपरव्हायझर कितीही हुशार असला तरी त्याला त्या भिंती हलवता येत नाहीत.

आता मला ज्या मजकुराबद्दल सर्वांत जास्त बोलायचंय तो. क्लाउडमध्ये कार्ड मागितलं आणि नसलं तर जो संदेश येतो तो. ॲमेझॉनचा शब्द 'इन्सफिशंट इन्स्टन्स कपॅसिटी', गूगलचा 'झोन रिसोर्स पूल एक्झॉस्टेड'. पहिल्यात क्षमता अपुरी आहे, दुसऱ्यात साठा आटलाय. कुणाची क्षमता, कुणी आटवला, याला कर्ताच नाही. ढगात पाणी नाही असं ढगच सांगतो आणि सल्ला देतो की थोड्या वेळानं बघा किंवा दुसरा झोन घ्या. तेवढ्यापुरता लवचीकपणाचा सूर उतरतो, तरी त्रुटीचं हे वाक्य मला प्रामाणिक वाटतं. निदान वस्तू संपते हे तरी त्यात कबूल आहे.

क्वोटाचं तसं नाही. क्वोटा म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त किती कार्डं मागता येतील याची मर्यादा, आणि नव्या खात्यासाठी ती बहुधा शून्य असते. ॲमेझॉनकडे तर ही मर्यादा कार्डांत मोजत नाहीत, व्हर्च्युअल प्रोसेसरांत मोजतात. एक टी-फोर असलेलं सर्वांत लहान मशीन हवं असेल तर चार प्रोसेसरांची परवानगी मागायची. हवी ती वस्तू एक, मोजमाप दुसऱ्याच वस्तूचं. शून्य ही मर्यादा आहे हे वाक्य किती गमतीचं आहे ते बोलून बघितल्याशिवाय कळत नाही. दुकान उघडं आहे, माल फडताळात आहे, दर पाटीवर लिहिलाय, फक्त तुम्हाला शून्य घेता येतील.

हे शून्य वाढवण्यासाठी एक अर्ज भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो: कशासाठी हवंय, व्यवसायाचं कारण लिहा. आम्ही तिघं मित्रमंडळी संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी मोडी अक्षरं ओळखणारं एक छोटं मॉडेल बनवायचा प्रयत्न करतोय. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत आणि मोडी सहज वाचू शकणारी माणसं फार थोडी. आमच्यापैकी कुणाच्याही लॅपटॉपमधल्या कार्डाला हे पेलत नाही, तेव्हा तासावर सायकल घ्यावी तसं तासावर कार्ड घ्यायचं, पैसे तिघांनी वाटून घ्यायचे, असं ठरलं. अर्जात मी खरं तेच लिहिलं. एका जुन्या लिपीतले कागद वाचायचे आहेत, एक कार्ड पुरेल. एका कंपनीकडून दोन दिवसांत उत्तर आलं, अत्यंत सौजन्यपूर्ण. सध्या आपली विनंती मंजूर करता येत नाही, आमच्या सेवा वापरत राहा, म्हणजे काही काळानं पुन्हा विचार करता येईल. कारण दिलेलं नव्हतं, खाली सही एका पहिल्या नावाची होती. पुढे दुसरीकडे एक कार्ड मिळालं आणि काम चालू आहे, पण ते पत्र मी ठेवून दिलंय.

ठेवून दिलंय ते रागानं नाही. त्या दिवसांत आम्ही सरावासाठी जी मोडी पत्रं लावत होतो त्यांतली कितीतरी अर्जच होते. 'विज्ञापना ऐसीजे' म्हणून सुरू होणारे. कुणाची शेतसाऱ्याची सूट, कुणाचं अडलेलं वेतन. त्या कागदांत एक गोष्ट पक्की असते: कुणी, कुणाला, कुठून, कोणत्या मितीला. मागणारा आहे आणि देणारा किंवा नाकारणारा आहे. मला आलेल्या पत्रात देणारा कोण आहे हे वाक्यरचनेतच विरघळून गेलं होतं. शंभर वेळा वाचलं तरी 'आम्ही नाही म्हणतो' असं त्यात कुठेही नव्हतं. या दोन गद्यांत जवळपास अडीचशे वर्षांचं अंतर आहे, आणि नकाराच्या बाबतीत जुनं गद्य जास्त स्वच्छ आहे असं मला वाटतं.

सरकारनं यात उतरायचं ठरवलंय. इंडिया-एआय मिशनला २०२४ च्या मार्चमध्ये मंजुरी मिळाली, तरतूद १० हजार कोटींहून जास्त, आणि कार्डांची संख्या पुढे ३८ हजारांवर गेल्याचं जाहीर झालं, सवलतीचा दर ताशी ६५ रुपयांच्या आसपास. चांगलं आहे. आमच्यासारख्या संध्याकाळी काम करणाऱ्यांच्या वाट्याला त्यातलं काय येईल, हे त्याही अर्जाच्या रकान्यांवर ठरेल.

शेवटी थांबण्याच्या भाषेबद्दल. मशीन बंद करणं ही सोपी गोष्ट वाटते. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये तिच्या दोन अवस्था आहेत, 'थांबलेलं' आणि 'थांबलेलं, कंसात मोकळं केलेलं'. आतून शटडाउन केलं तर मशीन नुसतं थांबतं, पण त्याची जागा आणि कार्ड तुमच्या नावावर अडून राहतं आणि भाडं चालूच राहतं. बाहेरून मोकळं केलं तरच मीटर थांबतो. त्यानंतरही डिस्कचे पैसे लागतात. सगळा अर्थ त्या कंसातल्या शब्दात आहे. आणि स्वस्तातलं, कधीही काढून घेतलं जाऊ शकणारं मशीन घेतलंत तर निरोप देण्याची मुदत ॲमेझॉनकडे दोन मिनिटं, गूगलकडे तीस सेकंद. मोडीचं एक शिक्षणचक्र आमच्या मॉडेलला चाळीस मिनिटं घेतं. म्हणून दर दहा मिनिटांनी झालेलं काम डिस्कवर उतरवून ठेवायचं, ही सवय आम्हाला त्या तीस सेकंदांनी लावली.

आमच्यात एक मुलगी इतिहासाची आहे, तिला इंग्रजी मॅन्युअलांचा कंटाळा. तिच्यासाठी आम्ही दोन पानांची मराठी टिपण केली: कार्ड कसं घ्यायचं, ड्रायव्हर कसा बघायचा, परत कसं करायचं. शब्दांवरून तीन संध्याकाळी गेल्या. पासथ्रूला 'थेट जोड' घेतला, तो सगळ्यांना पटला. व्हर्च्युअल मशीनला 'आभासी' मी लिहू दिलं नाही, 'भाड्याचं मशीन' एवढंच ठेवलं. थांबलेल्याचे दोन प्रकार 'बंद' आणि 'सोडलं' असे केले, सोडलं म्हणजे ताबा सोडला. अचानक काढून घेण्याला तिनंच 'जप्ती' सुचवला. मला तो जरा भडक वाटला होता, पण पहिल्यांदा मशीन तिच्या डोळ्यांदेखत गेलं तेव्हा तिच्या तोंडून तोच शब्द आला, म्हणून राहिला. क्वोटावर अजून एकमत नाही. 'वाटा' चांगला आहे, पण वाटा म्हटलं की हक्क आला, आणि इथे हक्क कुणाचाच नाही. 'मर्यादा' म्हणावं तर शून्याला मर्यादा म्हणायला ती तयार नाही. तूर्त टिपणात 'क्वोटा' असंच लिहिलंय, पुढे प्रश्नचिन्ह घालून.